पहिले दोन शब्द

"केसांचं काय ते आजच ठरवून टाकू," मुख्याध्यापक म्हणाले आणि कारकून बाईंकडे न बघताच त्यांनी बोट हलवलं. म्हणजे, हे लिहा.

बाईंनी लिहिलं. तेवीस वर्षं त्या या शाळेच्या कार्यालयात लिहीतच आल्या होत्या. दाखले, नोटिसा, सभांची इतिवृत्तं. नाकासमोर चालणारी बाई, असं सगळे म्हणत, आणि आपण कौतुक करतोय असं म्हणणाऱ्याला वाटे. बाईंना अलीकडे ते ऐकलं की डोक्यात तिडीक जाई.

टेबलापलीकडे एक वेल्डर बसला होता. कामावरून तसाच उठून आलेला, हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग. त्याच्याशेजारी त्याचं पोर उभं होतं. खुर्ची रिकामी होती, पण तिला कुणी बस म्हणालं नव्हतं. सोळा वर्षांची मुलगी ती. जन्मदाखल्यावर मुलगा, शाळेच्या पटावर मुलगा, अंगात मुलांचा गणवेश. केस मात्र मानेखाली आलेले, आणि चार वेळा बजावूनही तिने ते कापले नव्हते. कापणार नाही असंही ती म्हणाली नव्हती. शाळेत ती बोलतच नसे.

"मी काही मुलांचा शत्रू नाही हो," मुख्याध्यापक वेल्डरला सांगत होते. "पण शाळा आहे ही. उद्या केस कापून यायचं, मुलासारखं राहायचं, विषय संपला. नसेल जमत तर तुम्ही अर्ज द्या, मी दाखला देतो. शांतपणे मिटेल."

"शेवटचं वर्ष आहे साहेब. चार महिन्यांवर परीक्षा आलीय."

"म्हणूनच म्हणतो. पत्रात सगळं लिहिलंय."

पत्र! बाईंच्या पेनाला क्षणभर थांबावंसं वाटलं. 'आपल्या पाल्याचे वर्तन इतर विद्यार्थ्यांस बाधक असून.' सोमवारी साहेबांनी कच्चा मजकूर पुढे टाकला आणि बाईंनी तो टाइप केला. नुसता टाइप नाही केला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही सुधारून दिल्या. आणि त्याच दिवशी पाच वाजता त्या वाचनालयामागच्या हॉलवर गेल्या, विंगेत बसल्या, आणि जिच्याविरुद्ध ते पत्र होतं तिचीच संहिता मांडीवर घेऊन पान उलटत राहिल्या. तिला एका शब्दाने सांगितलं नाही. मूग गिळून बसायची सवय अशी अंगात मुरते.

तो हॉल म्हणजे बाईंचं दुसरं आयुष्य. मुलामुलींचा नाट्यगट तिथे आठवड्यातून तीनदा जमे आणि बाई अकरा वर्षं त्यांच्या प्रॉम्प्टर होत्या. पोरं त्यांना कुजबूज मावशी म्हणत. कुणी अडखळलं की विंगेतून वाक्याचे पहिले दोन शब्द द्यायचे, एवढंच काम. पण दोनच. तिसरा शब्द दिला की वाक्य आपलं होतं, बोलणाऱ्याचं राहत नाही, हे बाई नव्या प्रॉम्प्टरला पहिल्याच दिवशी बजावत.

ही पोरगी दोन वर्षांपूर्वी तिथे आली ती पडद्याची दोरी ओढायला. पहिला महिना तिने दुसरं काहीच केलं नाही. तिथे तिचे कागद कुणी पाहिले नाहीत. दिग्दर्शकाने विचारलं, "यात तुला कोण व्हायचंय?" आणि तिने नुसतं बोटाने दाखवलं, थोरल्या बहिणीच्या भूमिकेकडे. भूमिका तिला मिळाली. मग आला शेवटच्या खुर्चीचा सराव. बाई हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसत, स्टेजवरचा मुलगा किंवा मुलगी बोले, आणि ऐकू आलं तरच बाई हात वर करत. पंधरा दिवस बाईंचा हात मांडीवरच होता. शेवटी गटातला एक मोठा मुलगा तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. त्यालाही घरी अजून मुलगीच म्हणत, आणि एके काळी तोही असाच याच फळ्यांवर आवाज दाबून उभा राहिलेला. "माझ्या बरोबरीनं ओरड," तो म्हणाला. "वाईट निघाला आवाज तर निघू दे. ऐकणारे आपणच आहोत." ती अशी ओरडली की पलीकडून ग्रंथपाल चष्मा हातात घेऊन भांडायला आले. त्या दिवसापासून गटात तिचं नाव तोफ.

आणि इथे ही तोफ बूट न्याहाळत उभी होती.

"बोल ना," मुख्याध्यापक तिला म्हणाले. "काही म्हणायचंय? बघा, तोंडातून शब्द नाही. किती वेळा संधी द्यायची?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी कोरा कागद आणि पेन वेल्डरपुढे सरकवलं. "लिहा अर्ज."

वेल्डरने पेन उचललं.

बाईंनी मान वर केली. तिचे ओठ हलत होते, नजर वर, डावीकडे गेली होती. ही नजर बाईंनी शेकडो वेळा पाहिली होती. वाक्य आहे, फक्त त्याचं टोक सापडत नाहीये. हे वाक्य तर तिचं तिनेच लिहिलेलं, गटाच्या नव्या नाटकासाठी. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. स्वतःचाच एवढा राग त्यांना आयुष्यात आला नव्हता. त्यांनी मान वहीत घातली, मनात तीन आकडे मोजले, आणि ओठ जेमतेम हलवले.

"मला विचारा..."

"मला विचारा," ती म्हणाली. दाराबाहेर शिपायाचं स्टूल करकरलं. "मी इथंच उभी आहे."

नाटकातलं वाक्य तिथे संपत होतं. पुढे बाईंकडे द्यायला काही नव्हतं.

"अर्धा तास तुम्ही माझ्याबद्दल बाबांशी बोलताय, सर. गेल्या वर्षी मला मुलांच्या संडासात कोंडलं होतं. दोन तास. तेव्हा माझे केस बारीकच होते, तुम्हाला हवेत तस्से. मी ओरडले नाही. माझ्या आवाजालाच हसतात म्हणून ओरडले नाही. आता ओरडेन. केस मी कापणार नाही आणि परीक्षा इथूनच देणार. पत्रात लिहिलंय बाधक. कुणाला बाधले मी? एकाचं तरी नाव सांगा." मग ती बाईंकडे वळली. "आणि ज्यांनी ते टाइप केलं त्यांनीसुद्धा मला विचारलं नाही. दुसरं कोण आहे इथं टाइप करणारं?"

तेही बाईंनी लिहिलं.

"कोण होती ती पोरं?" वेल्डरने विचारलं. त्याने पेन खाली ठेवलं होतं. "घरी का नाही सांगितलंस?"

"घरी तरी कोण विचारतं?"

तो बाईंकडे बघून म्हणाला, "हे पोर असं बोलायला शिकलं कुठं? आमच्याकडे तर दोन वर्षांत चार वाक्यं..."

"आमच्या नाट्यगटात," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्हाला कुणी विचारलंय?" मुख्याध्यापक कडाडले.

"मी विचारलं," वेल्डर उठत म्हणाला. "अर्ज मी देत नाही, साहेब. आधी त्या पोरांना बोलवा. मग केसांचं बघू."

बापलेक गेले.

"लिहा," मुख्याध्यापक म्हणाले. "विद्यार्थ्यास बोलण्याची पुरेशी संधी देण्यात आली. विद्यार्थी गप्प राहिला. पालकांनी विचार करण्यास वेळ मागितला."

बाईंनी वही त्यांच्याकडे फिरवली. अडीच पानं भरली होती. संडासासकट, पत्रासकट, शब्दन् शब्द.

"हे पान काढा."

"पानांवर छापील आकडे आहेत, सर. सत्तेचाळीस काढलं तर अठ्ठेचाळीस बोंब मारेल."

"मग खोडा!"

"खोडलं की शेजारी सही लागते. तुमची."

"तुम्ही पढवलंत त्याला. मी ऐकलंय."

"दोन शब्द दिले. बाकीचे तिचे." बाईंचा आवाज चढला आणि त्यांना तो उतरवावासा वाटला नाही. "तेवीस वर्षं तुम्ही सांगितलं ते लिहिलं. कुणाचं वाटोळं होतंय ते पाहिलं नाही, नुसत्या काना-मात्रा पाहिल्या. लाज वाटते मला. तुम्हाला वाटत नसेल तर तो तुमचा प्रश्न."

दुसऱ्या दिवशी बाईंना कारणे दाखवा नोटीस निघाली. टाइप करणारं दुसरं कुणी नसल्यामुळे ती त्यांनाच टाइप करावी लागली. साहेबांच्या मजकुरात तीन चुका होत्या. बाईंनी त्या जिथल्या तिथे ठेवल्या, आणि कागद सहीसाठी आत पाठवला.

नोटिशीच्या सुनावणीसाठी ती वही आता शाळेच्या संचालकांसमोर जायची होती, आणि तिथे निर्णय होईपर्यंत पोरीला वर्गातून काढता येणार नव्हतं. ती रोज येई, केस मागे बांधून. कार्यालयावरून जाताना खिडकीत बघत नसे.

शनिवारच्या तालमीआधी बाईंनी तिला विंगेत गाठलं. "ते पत्र..."

"राहू दे, मावशी," ती म्हणाली. "मला अजून राग आहे तुमचा."

"असू दे," बाई म्हणाल्या.

तालीम सुरू झाली. तिचा प्रवेश आला. नाटकातल्या चौकशी मंडळापुढे ती उभी राहिली, म्हणाली, "मला विचारा," आणि थांबली. बाईंनी मोजलं. एक, दोन, तीन. सवयीने त्यांचे ओठ उघडले.

तिने मागे वळून न बघता विंगेच्या दिशेने तळहात वर केला. थांबा.

ती अडखळली नव्हती. समोरच्या एकेकाकडे ती सावकाश बघत होती, आणि अख्खा हॉल तिच्या पुढच्या शब्दासाठी खोळंबला होता. बाईंनी तोंड मिटलं. मग संहिताही मिटली, आणि ती मांडीवर ठेवून त्या इतरांसारख्या वाट बघत बसल्या.