बाबांच्या हातची किल्ली

ठमीने शेवटी सांगून टाकलं आणि बाबांनी भरदुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं. पण ते अजून झालंच नाही असं आपण समजू या. शनिवारी सकाळी तरी ठमी तोंडाला कुलूप लावून बसली होती. किल्लीवाल्याच्या घरात याहून वाईट विनोद नाही.

ठमी आठवीत. शिकवणीचे सर तिला फुकट गणित शिकवत, म्हणून घरात त्यांना देवाच्या खालोखाल मान. खुर्ची तर देवापेक्षा चांगली. "बाकीच्या पोरी बालिश. तू मोठी आहेस," सर म्हणायचे, आणि ठमीची उंची जागच्या जागी वाढायची. मग मैत्रिणी सुटल्या, कारण त्या म्हणे जळत होत्या. मग सरांचे मेसेज वाचून पुसायचं ठरलं. मग एकदा सरांनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि उचलायचं विसरले. हुशार माणसं विसरभोळी असतात, असं ठमीने स्वतःला समजावलं. तरी दुसऱ्या दिवसापासून ती पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून जाऊ लागली.

काल सरांनी तिला किल्ली दिली. "गच्चीवरच्या खोलीची. रविवारी ये. घरी बोललीस तर शिकवणी बंद. आणि तुझ्यावर विश्वास ठेवणार कोण?"

किल्लीच्या डोक्यावर कानशीची तिरकी रेघ होती. तशी रेघ फक्त बाबा मारत. म्हणजे किल्ली बाबांनी केली. म्हणजे बाबांना सगळं माहीत आहे. दुसऱ्या कुणाच्या मुलीने असला तर्क केला नसता. ठमीने किल्ली मोज्यात लपवली.

दुपारी ठमी दुकानात असतानाच सर येऊन स्टुलावर बसले. "उस्ताद, उद्या जादा तास घेतो. उशीर होईल."

"घ्या की. तुमचीच पोर आहे," बाबा हसले. "कान पिळा हवं तर."

सरही हसले. ठमीच्या मोज्यात किल्ली घोट्याला टोचत होती.

सर गेले. उद्याची भीती बाबांच्या उत्तराच्या भीतीपेक्षा बोटभर उंच निघाली.

"बाबा, सरांना किल्ली करून दिलीत, ती कुठल्या दाराची?"

"मला काय माहीत? दार कुणाचं ते किल्लीवाल्याने विचारायचं नसतं. गिऱ्हाईक तुटतं."

"मग ती माझ्याकडे कशी, हे तरी विचारा."

तिने किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. बाबांनी आपलीच रेघ पाहिली. मशीन बंद केलं.

"गेली होतीस?"

"नाही. उद्या बोलावलंय. घरी सांगायचं नाही म्हणालेत."

"आणि तुला वाटलं, मला माहीत आहे?"

ठमीने होकारार्थी मान हलवली. बाबांनी उठून शटर ओढलं. अंधारात त्यांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजत होता.

तेवढ्यात बाहेरून पत्र्यावर टकटक झाली.

"उस्ताद, एवढ्यात बंद? माझा चष्मा राहिला वाटतं आत."

बाबा तिच्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे ठमीने मनातल्या मनात अर्ज केला: महोदय, सदर किल्ली तयार होण्यापूर्वीचे बाबा व मी, होतो त्याच स्थितीत, तात्काळ परत मिळावेत, ही नम्र विनंती.