सावल्यांच्या विहिरीचा शेवट

चिंतामण कानिटकर दोन ठिकाणी नोकरी करतो, असं त्याची बायको पद्मा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. एक नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, तिथून पगार येतो. दुसरी राजपुत्र रत्नकेतूच्या पदरी, तिथून घरात नुसती चिडचिड येते.

रत्नकेतू हा चिंतामणच्या कादंबरीचा नायक. कृष्णेच्या डोहाखाली एक नगर आहे, त्या नगरात कुणालाच सावली नाही, कारण तिथल्या राजाने सगळ्यांच्या सावल्या एका विहिरीत कोंडून घातल्यात. आणि आपल्या मेलेल्या आईची सावली शोधत रत्नकेतू तिथे उतरतो, अशी ती गोष्ट. कादंबरीचं नाव 'सावल्यांची विहीर'. गोष्ट चांगली होती, उगाच नाही म्हणायचं कशाला? वाचनालयांतून तेव्हा जादूच्या, भुयारांच्या, उडत्या घोड्यांच्या कादंबऱ्या पुठ्ठे निखळेपर्यंत वाचल्या जात. चिंतामणने साताऱ्यात शाळकरी वयापासून त्यांचा फडशा पाडला होता, आणि शेवटी 'याहून बरं मी लिहीन' असं म्हणून बसला होता. म्हणायला काय जातं! लिहायला वेळ लागतो, आणि त्याचा वेळ कारखान्याने गिळला होता.

सातारा-सांगली रस्त्यावरून उसाच्या रानापलीकडे जी धुराडी दिसतात, त्यांतल्याच एका धुराड्याखाली त्याची काट्याची खोली होती आणि तिच्यामागेच बिऱ्हाड. दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू झाला की उन्हाळ्यापर्यंत उसंत नाही. भरलेली बैलगाडी काट्यावर घ्यायची, वजन पावतीवर टाकायचं, गाडी ऊस उतरायला सोडायची, रिकामी परत आली की पुन्हा तिचं वजन. एक गाडी हलली की मागे दुसरी उभीच. पाळी संपवून घरी आल्यावर पेन उघडलं तर डोळ्यांपुढे आकडे यायचे, आणि रत्नकेतूला घोड्यावर बसवलं की आधी घोडा भरलेला तोलावा आणि मग रिकामा, असं वाटायला लागायचं. पावसाळ्यात कारखाना बंद. तेव्हा तरी सुटका व्हावी की नाही? तर तेव्हा सायकल देऊन गावोगाव उसाच्या नोंदी करायला पिटाळत.

राहता राहिला सुट्टीचा दिवस. त्या दिवशी पद्मा म्हणायची, "तुमच्या राजपुत्राला म्हणावं, उडत्या घोड्यावरून जाऊन दळण तेवढं घेऊन ये."

"एक पान होऊ दे."

"मागच्या खेपेलाही एकच पान होतं. पीठ मात्र संपलंय."

तिचं चुकत होतं असंही नाही. चिडचिड त्यानेच जास्त व्हायची.

मग त्याने एक युक्ती काढली. काट्यावर गाडी बदलताना मध्ये जी दोन श्वासांची फट मिळते, तेवढ्यात पावत्यांच्या गठ्ठ्याखाली कागद ठेवून वाक्य-वाक्य लिहायचं. काही दिवस जमलंही. पण एकदा रत्नकेतू सात जिभांच्या पाखराशी बोलत असताना खिडकीतून शेतकी अधिकारी नानासो डोकावले. नानासो म्हणजे उसाच्या खात्याचे मालकच. त्यांनी तो कागद ओढून घेतला, सगळ्या गाडीवाल्यांसमोर मोठ्याने वाचला, चार तुकडे केले आणि म्हणाले, "कानिटकर, इथं ऊस तोलायचा पगार मिळतो. पुन्हा हे सोंग दिसलं तर घरी बसून लिहा, खुशाल. वेळच वेळ मिळेल." गाडीवाल्यांपैकी कुणी हसलं नाही. ते चिंतामणला जास्त लागलं.

लिहिणं बंद झालं. पण डोक्यातली गोष्ट काही बंद होईना. संवाद सुचायचे आणि पाळी संपेपर्यंत विरून जायचे, म्हणून तो ते पुन्हा पुन्हा पुटपुटत बसायचा. एका दुपारी ऊस पिळायची मिल बिघडली. काटा थांबला, आवारात गाड्यांची ही रांग लागली, बैल उसाच्या शेंड्यांचं वाढं चघळत उभे राहिले. केरबा नावाचा एक थोराड गाडीवाला खिडकीशी आला.

"आवं भाऊसाब, एकलंच काय वटवट करताय?"

"काही नाही रे. एक गोष्ट आहे."

"मग मोठ्यानं करा की. आमी तरी काय करतोय हितं? माश्याच मारतोय."

चिंतामणने विचार केला. कागदाला बंदी आहे, तोंडाला नाही. लिहिता येत नाही तर निदान सांगून ठेवू. या माणसांच्या ध्यानात राहील, आपण विसरलो तर विचारता येईल. त्याला हा विचार फार हुशारीचा वाटला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना माणसाला असंच वाटत असतं.

त्या हंगामात आणि पुढच्या हंगामात, मिल थांबली की खिडकीभोवती घोळका जमायचा. चिंतामण प्रकरणामागून प्रकरण सांगायचा, आणि कान नानासोंच्या जीपगाडीकडे ठेवायचा. केरबाची स्मरणशक्ती भलती होती. "न्हाई भाऊसाब, पाखराची तिसरी जीब निळी म्हनला हुता तुमी," असं तो बजावायचा. एकच गोष्ट चिंतामणने कुणाला सांगितली नाही: शेवट. विहिरीच्या झाकणाला रत्नकेतूने हात घातला, इथे तो थांबायचा. कितीही आरडाओरडा झाला तरी थांबायचा. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. काहीतरी आपल्यापाशी ठेवावंसं वाटे, एवढंच.

पंचाहत्तर सालच्या पावसाळ्यात त्याने साठलेली सगळी रजा काढली, पद्माला साताऱ्याला माहेरी पाठवलं आणि खाली मान घालून लिहीत सुटला. शेवटाचं प्रकरण तेवढं राहिलं आणि रजा संपली. तरी तो होते ते कागद पिशवीत घालून एसटीने सांगलीला गेला. गणपतीच्या देवळापासून जवळच लालासाहेबांचं दुकान होतं. पुढे पुस्तकं, मागे छापखाना. वाचनालयांना कादंबऱ्या पुरवणारा या भागातला हाच एक प्रकाशक, आणि चिंतामणची सगळी मदार त्याच्यावर.

लालासाहेबांनी भडंगाची बशी पुढे सरकवली आणि वाचायला घेतलं. दोन-तीन पानांतच ते गालात हसायला लागले. चिंतामणला वाटलं, जमलं!

"छान जमवलंय हो," लालासाहेब म्हणाले. "कुठून कुठून गोळा केलंत?"

"गोळा म्हणजे?"

"अहो, ही डोहातल्या नगराची गोष्ट. आमच्या हळदीच्या पेठेत सगळे हमाल सांगतात. आमच्या सासुरवाडीला पोरं झोपवतात हिच्यावर. लोककथाच ती. पण तुमची भाषा चांगली आहे. 'संकलक' म्हणून तुमचं नाव घालू."

चिंतामणने हातातला भडंग परत बशीत टाकला. "साहेब, ही माझी आहे. मी रचलीय. पाखराच्या सात जिभासुद्धा माझ्या आहेत!"

लालासाहेबांनी वाद घातला नाही. दुकानाच्या दारात पोतं उतरवून घाम पुसत बसलेल्या एका हमालाला त्यांनी हाक मारली आणि विचारलं. तो म्हणाला, "व्हय की. सात जिबांचं पाखरू. तिसरी निळी. लय जुनी गोष्ट हाय मालक, एका गाडीवाल्याच्या आज्ज्यापासनं चालत आलीया."

चिंतामणला संताप कुणावर करावा तेच कळेना. चार वर्षं! चार वर्षं पीठ, दळण, सायकल, काटा, नानासो या सगळ्यांच्या फटीतून चिमटीचिमटीने जमवलेलं, आणि ते कुणाच्या तरी आज्ज्याच्या नावावर! त्याचा चेहरा बघून लालासाहेब जरा नरमले.

"हे बघा कानिटकर. या गोष्टीचा शेवट मात्र कुणालाच माहीत नाही. झाकणाला हात घातला की सगळे गप्प. तुमच्या कागदांतही तो नाही. खरंच तुमची असेल तर शेवट तुमच्यापाशीच असणार. कुणी कधी ऐकला नाही असा शेवट संक्रांतीपर्यंत लिहून आणा, मी कादंबरी म्हणून छापतो, तुमच्या नावानं. पण तोवर तो पेठेत ऐकू आला, तर मग संकलक."

हंगाम सुरू झाला आणि केरबाची गाडी पहिल्याच दिवशी काट्यावर आली. चिंतामणने वजन टाकायच्या आधीच विचारलं, "केरबा, ती गोष्ट कुणाची रे?"

"तुमची की."

"मग आज्ज्याची म्हणून का सांगत फिरलास?"

केरबाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग काय तुमचं नाव घिऊ? सायबानं तुमचा कागुद कसा फाडला, आमी बगितलं न्हाई व्हय? काट्यावर बसून गोष्टी सांगतोय म्हनल्यावर दुसऱ्या दिशी घरी धाडलं असतं तुमास्नी. म्हनून ज्यानं इचारलं त्येला सांगितलं, आमच्या आज्ज्याची हाय. समद्या गाडीवाल्यास्नी तशी आनच घातलीया. मेलेल्या मानसाला कोन काढतंय नोकरीवरनं?"

आणि तो हसला. उपकार केल्यावर माणूस जसा मोकळा हसतो, तसा. चिंतामणला त्याची मानगूट धरावीशी वाटली आणि त्याचे पायही धरावेसे वाटले. त्याने मुकाट वजन टाकलं.

आता फक्त शेवट लिहायचा होता. एवढंच! पण त्याच वर्षी दुसऱ्या पाळीचा कारकून कावीळ होऊन पडला आणि त्याचंही काम चिंतामणच्या गळ्यात आलं. सुट्टीचा दिवस गेला. घरी कागद पुढ्यात घेतला की डोळे मिटायचे. पद्मासुद्धा दळणाचं बोलायची थांबली. पहिल्या ओळीशी अडलेला कागद ती गुपचूप उचलून नीट ठेवायची. हंगाम भरात आला, संक्रांत तोंडावर आली.

आणि एका सकाळी मिल थांबली.

"भाऊसाब, आज झाकान उगडा!" बाहेर ओरडा सुरू झाला.

"नाही," चिंतामण खिडकीतून म्हणाला. "गोष्ट संपली माझ्यापुरती."

"ऱ्हाऊ द्या, त्येंचं डोकं दुखतंय," केरबा म्हणाला आणि गाडीच्या जुवावर चढून बसला. "मी सांगतो. तर रत्नकेतूनं झाकान उगडलं. समद्या सावल्या भाईर. त्यानं राजाचं मुंडकं उडवलं, ज्याची त्येला सावली वाटली, राजकन्येसंगं लगीन लावलं आन समद्या नगरीला गावजेवान घातलं. बुंदी!"

"झ्याक!" कुणीतरी म्हणालं. माना डोलल्या.

बुंदी! चिंतामणची कानशिलं तापली. गप्प बस, तो स्वतःला म्हणाला. आठवडाभर मिठाची गुळणी धर. पण रत्नकेतू त्याच्यासमोर पंगतीला बसला होता आणि पत्रावळीवर बुंदी पडत होती. तो काट्याच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पावतीपुस्तक तसंच होतं.

"खोटं आहे! असं होत नाही!"

घोळका वळला.

"सावल्या बाहेर येतात," चिंतामण म्हणाला, "पण इतकी वर्षं अंधारात काढल्यावर त्यांना आपला धनी ओळखू येत नाही. जो आधी हाक मारेल त्याच्यामागं जातात. पोराची सावली म्हाताऱ्यामागं, शिपायाची न्हाव्यामागं. रत्नकेतूला आईची सावली दिसते. तो ओळखतो तिला. हाक मारायला तोंड उघडतो, पण त्याच्या आधी एका परक्या आंधळ्या बाईनं हाक घातलेली असते. आई उठते आणि त्या बाईच्या पायाशी जाऊन बसते. रत्नकेतू हाक मारत नाही. तो एकटाच डोहाबाहेर येतो."

एका बैलाच्या गळ्यातली घंटी हलली. एका म्हाताऱ्या गाडीवाल्याने मुंडाशाचं टोक डोळ्यांना लावलं, आणि त्या क्षणी चिंतामणला, काय सांगावं, इतकं बरं वाटलं की आपण काय करून बसलो ते ध्यानात यायलाही वेळ लागला.

तेवढ्यात मिलचा भोंगा झाला. माणसं आपापल्या गाड्यांकडे पळाली, जो तो आपल्या गावाकडे ती गोष्ट नेणार होता, आणि रांगेच्या कडेने नानासोंची जीपगाडी येऊन उभी राहिली.

"काटा सोडून बाहेर काय करताय, कानिटकर? कसला तमाशा हा?"

केरबा जुवावरून उडी मारून मध्ये आला.

"काय न्हाई, सायेब. मीच आमच्या आज्ज्याची गोष्ट सांगत हुतो ह्यास्नी. भाऊसाब आमाला गप करायला भाईर आलं बगा."

नानासोंनी चिंतामणकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

मागे केरबा मान हलवून त्याला खुणावत होता. म्हणा, म्हणा. चिंतामणने हातातल्या पावतीपुस्तकाकडे पाहिलं. मग काट्याच्या खोलीकडे, जिच्या मागे त्याचं बिऱ्हाड होतं आणि पद्मा या वेळी पाणी भरत असणार.

"हो साहेब," तो म्हणाला. "याच्या आज्ज्याचीच आहे."