धनुष्याच्या वंशातला गज

मी एक जुना गज आहे, मित्रांनो. हत्ती नव्हे, आणि खिडकीचा लोखंडी गज तर नव्हेच. व्हायोलिनच्या तारांवरून फिरून त्याला बोलतं करणारा गज. लोक कौतुक व्हायोलिनचं करतात. करू देत. मी नसलो तर ते नुसतं कोरीव खोकं, हे मी ताठ मानेनं सांगतो.

आमचं घराणं फार जुनं. हजारेक वर्षांपूर्वी मध्य आशियात कुणीतरी वाकवलेल्या काठीला घोड्याच्या शेपटीचे केस बांधले आणि तारेवर घासले, असं म्हणतात. ते आमचे मूळपुरुष. दिसायला हुबेहूब शिकारीचं धनुष्य! अरबांच्या संगतीनं ते युरोपात पोहोचले. पुढे इटलीत व्हायोलिन जन्मलं, तेव्हाही आम्ही आखूड आणि बाहेर फुगलेलेच होतो. नाचाच्या तालाला तेवढं पुरायचं. मग मोठी सभागृहं आली आणि आवाजही मोठा लागू लागला. व्हायोलिनची मान लांबली, मागे झुकली, तारांचा ताण वाढला. फ्रान्सच्या कारागिरांनी तर आमची पाठच उलटी, केसांच्या बाजूला वाकवली. लाकूड आणलं थेट ब्राझीलहून. मी त्याच घडणीचा.

मुंबईत मला घेतलं दत्तारामांनी. ते कोकणातून आलेले गिरणी कामगार. संध्याकाळी कामगारांच्या नाटकांना साथ करायचे. मांडी घालून बसायचे आणि व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवायचे. युरोपात उभ्यानं वाजणारं वाद्य आपल्याकडे असं बैठकीला बसलं.

दत्तारामांनंतर मी त्यांच्या लेकीकडे, मालनताईंकडे आलो. मुलुंडच्या शाळेत त्यांनी संगीत शिकवलं, निवृत्तीनंतर घरी शिकवण्या घेतल्या. कांजूरमार्गपासून मुलं यायची. माझा रुबाब काय सांगू!

मग ताईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्या चालू-बोलू लागल्या, पण उजव्या हाताची बोटं अधू राहिली. मला उचललं की मी पुढच्या बाजूला कलंडायचो आणि गळून पडायचो. शेवटी पेटी बंद झाली. अंधारात किड्यांनी माझे केस कुरतडले.

यंदा जुन्या शिष्यांनी ताईंचा सत्कार ठरवला. ताई फोनवर म्हणाल्या, "शाल-नारळ घेऊन खुर्चीत बसायला मी काही पाहुणी नाही. वाजवता आलं तरच येईन." फोन ठेवला आणि कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

त्यांची नात रुचिरा त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकलेली. एकदा ती मोबाइलवर जुन्या काळच्या वादकांची चित्रं बघत होती. "आजी, बघ ना यार! हे लोक गज किती वर धरायचे. मूठ सोडून, पार पुढे."

"बघू. मोठं कर चित्र," ताई म्हणाल्या. मग एकदम उठल्याच. "रुचिरा, माझी पेटी काढ."

त्यांनी मला मुठीपाशी न धरता वीतभर पुढे धरलं. माझं वजन दोन्ही बाजूंना वाटलं गेलं. मी कलंडलो नाही! ताईंनी पुन्हा उचललं, पुन्हा धरलं.

"आजी, पडला नाही!"

"गप गं. रडवशील मला."

रुचिरानं मला नवे केस बसवून आणले. पहिल्यांदा मला वाटलं, मी आधुनिक घडणीचा, आणि ही पणजोबांच्या काळची पकड? पण ताईंच्या बोटांत बळ येत गेलं, तशी मला आमच्या पूर्वजांची खरी थोरवी कळली.

सत्काराच्या दिवशी ताई मंचावर मांडी घालून बसल्या. पहिला स्वर थरथरला. दुसरा सरळ आला, आणि मग यमन सभागृहभर पसरला. तान आखूड होती, पण सूर पुन्हा कुठेच हलला नाही. टाळ्या थांबेनात. सगळे उठून उभे राहिले, तशा ताई माइकजवळ वाकल्या. "बसा रे सगळे. माझं अजून झालेलं नाही."

मित्रांनो, वाजवून झालं की आमचे केस सैल करून ठेवा, ताणलेल्या गजाची पाठ बिघडते. पेटी महिनोन् महिने बंद ठेवू नका. आणि एखाद्याचा हात थकला, तर त्याला दुसरी पकड शोधायला वेळ द्या.

चला, निघतो. दारात दोन नव्या मुली उभ्या आहेत आणि मालनताई माझ्या केसांना तारेवर पकड यावी म्हणून राळ लावताहेत.