शोकाकुलांचा रकाना

वायव्य बल्गेरियातल्या त्या गावात मरणारे तेवढे उरले होते; रडणारे सगळे स्पेनला नाहीतर जर्मनीला. स्पास्काचं छपाईचं दुकान चालायचं ते त्यामुळेच. गेलेल्या माणसाचा फोटो छापलेला कागद फाटकावर, बेकरीच्या भिंतीवर, बसथांब्यावर डकवायचा ही रीत, आणि लेकरं परदेशी गेली म्हणून ती काही सुटत नाही. स्पास्काने राजधानी सोफियातल्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली होती. लोक तिकडून फॉर्म भरत, मजकूर ईमेलने तिच्याकडे येई, आणि ती कागद छापून, खळीची बादली घेऊन स्वतः डकवून येई.

मृत्यूची तारीख नाही भरली तरी फॉर्म जायचा. रडताना कुणाला सुचतात तारखा? ‘शोकाकुल’ हा रकाना मात्र तिने सक्तीचा ठेवला होता. खाली कुणाचंच नाव नाही, असा कागद लावताना तिला कसंतरीच व्हायचं.

मंगळवारी सकाळी ईमेल आला. नाव मेतोदी. तारीख रिकामी. फोटोत बसच्या स्टिअरिंगवर हात ठेवून हसणारा माणूस. तिला लहानपणी शाळेत सोडणारे ड्रायव्हर मेतोदीकाका! बायको कधीच गेली, मूलबाळ नाही. मग हे भरलं कुणी? तिने खाली पाहिलं. शोकाकुल: स्पास्का, छपाईवाली.

काकांचा फोन कुणी उचलेना. तिने कागद छापला आणि निघाली. काकांच्या फाटकावर खळ फासून ती तो चिकटवत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

“अगं, सरळ लाव की! वाकडा गेलाय.”

ब्रश हातातून पडला. “काका! तुम्ही जिवंत आहात?”

“दिसतोय ना? कॉफी ठेवलीय आत.”

“आणि फोन उचलायला काय झालं होतं? लाज नाही वाटत या वयात असले चाळे करायला? सगळा रस्ता रडत आले मी!”

“खरंच रडलीस?”

म्हातारा असा काही खुलला, की तिला पुढे भांडताच येईना.

“पुढची सोय करून ठेवावी म्हटलं,” तो म्हणाला. “तारीख तेवढी तू घाल. पण तुझा तो फॉर्म महाखट! नाव घातल्याशिवाय सोडेना. लाल अक्षरांत आपलं सारखं तेच, शोकाकुल कोण, शोकाकुल कोण. कालचा अख्खा दिवस आठवत बसलो गं. शेवटी पानाच्या तळाशी तुझं नाव दिसलं.”

स्पास्का पायरीवर बसली. तो रकाना तिने मेलेल्यांसाठी केला होता. जिवंत माणूस त्याच्यासमोर दिवसभर बसेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. काकांनी कॉफी आणली. दोघांनी मिळून ओला कागद फाटकावरून अलगद सोडवला आणि वाळायला दोरीवर टाकला.

दुकानात परतल्यावर तिने सोफियातल्या त्या मुलाला फोन लावला.

“तो शोकाकुलांचा रकाना सक्तीचा नको रे आता.”

“बाई, मग लोक रिकामा सोडतील.”

“सोडू देत. रिकामा आला, की आपोआप माझं नाव पडू दे.”

“सगळ्यांच्या कागदावर?”

“सगळ्यांच्या.”

एका कागदावर ते चालणार नव्हतं, तिच्या स्वतःच्या. पण ते तिने त्याला सांगितलं नाही.