प्लॅस्टरबाहेरचा अंगठा

ते साल चौऱ्याहत्तरचं. माझे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते शिडीवरून पडले आणि त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला. त्याच महिन्यात थोरलीला परगावच्या नर्सिंग शाळेत जागा मिळाली. ती सतरा वर्षांची, मधला अकराचा आणि धाकटी, आमचं शेंडेफळ, नुकतं तिसरं लागलेली.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. सगळ्या शहराची बोलणी मी जोडून द्यायची आणि आमच्याच घरी फोन नव्हता. घरात आता काय चाललं असेल, हा किडा दिवसभर डोक्यात वळवळायचा.

धाकटीला थोरलीनंच वाढवलं म्हणा ना. पडली तरी तिच्याकडे, भूक लागली तरी तिच्याकडे. झोपताना तर ताईच्या वेणीचं टोक मुठीत हवंच. मी घ्यायला गेले की पाहुण्याकडे बघावं तशी बघायची.

"मी नाही जात," थोरली म्हणाली. "ही रडून जीव देईल."

"जागा पुन्हा मिळायची नाही."

"मग वेणी कापून ठेवून जाते."

"आणि मी काय ती शेपटी धरून अंगाई म्हणू?" यजमान खाटेवरून म्हणाले. मधला खो खो हसला. थोरली हसली नाही.

मी युक्ती काढली. धाकटी कितीही रडो, थोरलीनं उचलायचं नाही. थोरली बिचारी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. धाकटी तिच्या गुडघ्याशी भोकाड पसरायची आणि मी "ये गं माझ्याकडे" करत उभी. मधला कानात बोटं घालून ओरडायचा, "आई, त्यापेक्षा मलाच पाठव नर्सिंगला!" शेवटी थोरलीचे हात सुटायचेच. रोज तेच.

निघायला चार दिवस उरले तेव्हा थोरली मधल्याला घेऊन पांढरे बूट आणायला बाजारात गेली. मी कामावर. धाकटीजवळ फक्त हे, खाटेला खिळलेले. त्या दुपारी मी कापडाच्या दुकानाचा फोन चुकून दवाखान्याला जोडून दिला. "जीव कुठे टांगलाय तुमचा?" सुपरवायझर बाई म्हणाल्या. पाळी संपताच घराकडे सुटले. कोपऱ्यावर थोरली भेटली. बुटांचं खोकं काखेत, तीही पळतच होती; मधला कुठेतरी मागे राहिलेला.

"उशीर झाला गं आई. रडून निळी पडली असेल."

दारापाशी आलो, तर आतून चकार शब्द नाही. रडणं परवडलं, पण ही शांतता नको. दार ढकललं.

धाकटी खाटेच्या पायथ्याशी झोपली होती. प्लॅस्टरबाहेर आलेला बापाचा अंगठा तिच्या मुठीत. प्लॅस्टरभर निळ्या रेघोट्या, थोड्या तिच्या नाकावरही.

"हळू," हे कुजबुजले. "पायाला मुंग्या आल्यात, पण सोडत नाही."

"रडली नाही?"

"रडली की! घसा बसेपर्यंत. पण मला कुठे पळता येतंय? मग ब्रश दिला हातात."

तीन लेकरं झाली, पण या माणसानं एकालाही कधी निजवलं नव्हतं.

थोरली दारातच थबकली. वेणी पुढे घेऊन तिचं टोक पिळत राहिली. "माझ्यावाचून झोपली," एवढंच म्हणाली आणि खोकं पोटाशी धरून रडायला लागली. मी जवळ घेतलं.

"आता जावंच लागेल ना गं?"

"हो," मी म्हणाले.

ती गेली. पुढे प्लॅस्टर कापलं, तेव्हा धाकटीनं दवाखाना डोक्यावर घेतला. तिला तिचा पाय परत हवा होता.

थोरली मेट्रन होऊन निवृत्त झाली. वेणी आता करंगळीएवढी उरलीय. मधला छापखाना चालवतो आणि नातू रडला की अजून कानात बोटं घालतो. धाकटी बंदरावर क्रेन चालवते. यजमान गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या आजारात उशाशी खुर्ची रिकामी असली, तरी धाकटी पायथ्याशीच बसायची.

माझ्याजवळ आता फोन आहे. तरी दुपार झाली की चैन पडत नाही, तिघांपैकी कुणाला तरी लावतेच.

"काय गं आई, काही झालं का?"

"मला काय व्हायचंय? तुझ्याकडे एवढं शांत का आहे, ते सांग."