काटा अजून उतरतोय

मित्रांनो, आधीच सांगतो, मी घड्याळ नाही. गोल चेहरा, काच आणि काटा बघून नवा माणूस मला हमखास वेळ विचारतो. मी एक जुना वायुभारमापक आहे. माझ्या पोटात हवा काढून घेतलेली पातळ पत्र्याची डबी आहे. बाहेरच्या हवेचा दाब वाढला की ती दबते, कमी झाला की फुगते, आणि त्याप्रमाणे माझा काटा चढतो-उतरतो.

छपरांची कामे करणाऱ्या एका कारागिराने मला दाराजवळच्या भिंतीवर टांगले. रोज सकाळी तो माझ्या काचेवर हळूच टिचकी मारी आणि काट्यावर पितळी खूणकाटा नेऊन ठेवी. दुसऱ्या दिवशी काटा खुणेच्या कोणत्या बाजूला सरकला, एवढेच तो पाही: उतरला तर पाऊस जवळ, चढला तर उघडीप. मगच कुणाचे छप्पर उघडायचे ते ठरे. काय माझा थाट होता तेव्हा!

त्याच्या मुलाने मात्र माझ्या चेहऱ्यावरचे शब्दच तेवढे वाचले: 'पाऊस', 'बदल', 'कोरडी हवा'. एकदा काटा 'कोरडी हवा'वर असतानाच पाऊस कोसळला. काटा आदल्या दिवसापासून घसरत होता, पण टिचकी मारतो कोण? "नुसत्या थापा मारतो हा," म्हणत त्याने मला रंगाच्या डब्यांमागे टाकले. फार अपमान वाटला हो.

तिथून मला त्याच्या मुलीने बाहेर काढले. ती बापाबरोबर छपरावर चढायची, आणि आजोबांची टिचकी तिच्या लक्षात होती. तिने मला पुसून पुन्हा जागेवर लावले.

मग समोरच्या शिंप्याच्या छपराचे काम निघाले. त्याचे घर गिऱ्हाइकांच्या कापडाने ठासून भरलेले. दोन दिवस भुरभुर पाऊस झाला. गरम हवा थंड हवेवर सावकाश चढत येते, तेव्हा असाच रेंगाळणारा पाऊस पडतो. मग लख्ख ऊन पडले, हवा उबदार झाली आणि शिंपी दारात येऊन उभा राहिला.

"आता तरी कौलं उतरवा. उद्या उद्या करता करता महिना गेला."

"चला, उघडलंय," बाप म्हणाला.

मुलीने टिचकी मारली. "बाबा, काटा अजून उतरतोय."

"'बदल'वरच तर आहे. 'पाऊस' कुठे म्हणतोय?"

"तो कुठे उभा आहे ते नका बघू, कुठे निघालाय ते बघा. दुपारपर्यंत थांबा, एवढं ऐका माझं."

बाप धुसफुसला, पण थांबला. मी चुकलो असतो, तर मला रंगाचे डबे ठरलेलेच होते आणि पोरीचा शब्द पुन्हा कुणी ऐकला नसता.

दुपारी वारा पडला. मग उलट्या दिशेने गार झोत आला आणि आभाळ काळेकुट्ट झाले. जड, थंड हवा पाचरीसारखी गरम हवेखाली घुसली होती. असा पाऊस कोसळला, की भर दुपारी दिवे लावावे लागले. शिंपी आमच्याच दारात अडकला होता.

"माझं छप्पर आत्ता उघडं असतं," तो एवढेच पुटपुटला.

मुलीने पुन्हा टिचकी मारली. काटा टुणकन वर!

"बाबा, शिडी काढा."

"या पावसात?"

"काटा चढतोय."

या वेळी बापाने वाद घातला नाही. शिडी बाहेर काढेपर्यंत पाऊस ओसरला, वर निळे आभाळ दिसू लागले. काम पुरे होईपर्यंत शिंप्याच्या कापडावर थेंबही पडला नाही.

दुसऱ्या सकाळी बापानेच टिचकी मारली, अगदी त्याच्या वडिलांसारखी. मी अभिमानाने फुगलो असतो, पण मग काटा चुकला असता ना.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद धूळ खात पडला असेल, तर त्याला पुसून भिंतीवर लावा. रोज टिचकी मारा, पण हळू मारा.

परवा एक नवे गिऱ्हाईक आले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "किती वाजले हो?"

"ते घड्याळ नाही," बाप म्हणाला. "आमच्या घरातलं मोठं माणूस आहे. त्याला विचारल्याशिवाय आम्ही कुणाच्या छपराला हात लावत नाही."