मुद्दा पहिल्या परिच्छेदात

दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या नवऱ्याच्या क्वार्टरमध्ये बसून सोनम चीनमधल्या कॉलेजच्या मुलांचे इंग्रजी निबंध ऑनलाइन तपासायची. कंपनीचा नियम होता, आपलं म्हणणं पहिल्याच परिच्छेदात ठणकावून मांडायचं, कारणं मागाहून. तसं नसलं की मार्क कापायचे.

मुलं मात्र लांबून यायची. एका मुलीला म्हणायचं होतं, की खेड्यातली शाळा बंद करू नये. तिनं आधी आजीची विहीर सांगितली, मग एक जुनी म्हण, मग धुक्यातली पायवाट. शाळा आली ती शेवटच्या ओळीत, हळूच. आल्या आल्या आपलं म्हणणं तोंडावर फेकणं आमच्याकडं उद्धटपणाचं वाटतं, असं तिनं पूर्वी एकदा कळवलंही होतं. तरी सोनमनं लाल शेरा मारला, 'मुद्दा कुठे आहे?'

त्याच दुपारी कवठे येमाईहून तिच्या वडिलांचा, गेणबांचा फोन आला. अर्धी हयात मेंढरांमागं गेलेला माणूस. आता तीन एकरांत स्थिरावले होते, पण बोलणं अजून रानोमाळ हिंडायचं. कांद्याची रोपं झाली, शेजारच्या भैरूची व्यायलेली मेंढी झाली, कालव्याचं पाणी झालं. सोनमला संध्याकाळच्या आत वीस निबंध द्यायचे होते.

"आबा, मुद्द्याचं बोला की."

"काय न्हाई गं. सहज केलता," आबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी मोटार चालू करायला गेलेले आबा बांधावर कोसळले. शिरूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याचे पाहुणे पांगले, तेव्हा आईकडून तिला कळलं. आबांच्या छातीत पंधरा दिवस कळ येत होती. पुण्याच्या डॉक्टरकडं नेशील का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"मग बोलले का न्हाईत?"

"लेकीला सासरी येकदम कसं मागायचं?" आई म्हणाली. "म्हणून आधी इकडचं तिकडचं बोलत व्हते. मीच म्हणले व्हते, फोन करा."



दौंडला आल्यावर तिनं त्या मुलीचा निबंध पुन्हा उघडला, सावकाश शेवटपर्यंत वाचला आणि मार्क वाढवले. नियमात बसत नाही म्हणून कंपनीनं दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कमी केले. ती भांडली नाही.

आता दुपारी ती काम बाजूला ठेवून आईला फोन लावते. आई शेजारणीचं सांगते, शेवग्याचं सांगते, भरकटत जाते. सोनम मध्ये बोलत नाही, शेवटी काही मागणं येईल म्हणून ऐकत राहते. पुष्कळदा आईला काहीच मागायचं नसतं, आणि अशा दिवशी सोनमला जास्त रडू येतं.